क्राईम सिरीयलचं टायटल कसं बघायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रविवारी संध्याकाळी बेळगावच्या शहापुरात एका मित्राच्या माडीवर आम्ही सात-आठ जण जमतो आणि एकच टायटल घेऊन बसतो. एपिसोड नाही, फक्त टायटल, तेच दीड मिनिट परत परत. मी पोटापाण्यासाठी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्यामुळे लॅपटॉप माझा आणि शिव्या पण मलाच. नवीन येणारा प्रत्येक जण तेच तेच विचारतो म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय, घाईत लिहिलंय, सांभाळून घ्या.

टायटल म्हणजे ती नावं येतात तेच ना?

तेच. नावं दाखवायची हे त्याचं ऑफिशियल काम. पण नावं कोण वाचतंय, आपण त्यामागचं बघत असतो.

दीड मिनिटावर दोन तास काय बोलता रे तुम्ही?

हा प्रश्न आमच्या प्रत्येकाच्या घरून आलाय. दीड मिनिट म्हणजे ९० सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम, झाल्या २१६० फ्रेम, आणि त्यातली एकही चुकून आलेली नसते. एपिसोडमध्ये पाऊस आला म्हणून शूटिंग बदललं, नटाला ताप आला, असं होऊ शकतं. टायटल मात्र कुणीतरी टेबलावर बसून एकेक फ्रेम ठरवून केलेलं असतं, म्हणजे बनवणाऱ्याच्या मनात सिरीयलबद्दल काय आहे ते तिथं सगळ्यात स्वच्छ दिसतं. दोन तास कमीच पडतात, त्यात मध्ये चहा असतो.

सुरुवात कुठल्या टायटलपासनं करू?

ट्रू डिटेक्टिव्ह, पहिला सीझन, २०१४. अमेरिकेतल्या एचबीओ चॅनेलची सिरीयल, आठ एपिसोड, घडते लुइझियाना राज्यात, मॅथ्यू मॅकॉनहे आणि वुडी हॅरलसन हे दोन डिटेक्टिव्ह. टायटल केलं इलॅस्टिक नावाच्या स्टुडिओनं, त्यांचा क्रिएटिव्ह डायरेक्टर पॅट्रिक क्लेअर, आणि त्या वर्षीचं टायटल डिझाईनचं एमी ह्यालाच मिळालं. पण बक्षीस मिळालं म्हणून बघा असं मी म्हणत नाही. बघा कारण त्यात एकच युक्ती आहे आणि ती शेवटपर्यंत सोडलेली नाही: माणसाचा चेहरा, आणि चेहऱ्याच्या आत गाव. डोक्याच्या जागी कारखान्याच्या चिमण्या, खांद्यातनं जाणारा हायवे, एका बाईच्या शरीरात ट्रकवाल्यांचा रस्ता, कुठं क्रॉस, कुठं ज्वाळा. पहिल्यांदा बघताना वाटतं की भारी दिसतंय. पाचव्यांदा बघताना कळतं की चेहरा कुठंच पूर्ण नाही, गाल आहे तर कवटी नाही, कवटी आहे तर डोळा पुसलेला. म्हणजे माणूस असा वेगळा उरलेलाच नाही, जेवढं गाव तेवढाच माणूस.

पण चेहऱ्यात रिफायनरी कशाला? खुनाचा आणि रिफायनरीचा काय संबंध?

ह्या प्रश्नावर मी पण अडकलेलो. माहिती अशी की रिचर्ड मिसराख नावाचे एक अमेरिकन फोटोग्राफर आहेत, त्यांनी मिसिसिपी नदीच्या काठानं बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स ह्या पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांचे फोटो काढले, २०१२ ला ते पुस्तक म्हणून आले, आणि हे टायटल करताना ते फोटो समोर होते. त्या पट्ट्याला तिकडं लोक कॅन्सरची गल्लीच म्हणतात. म्हणजे ती चिमणी नुसती डेकोरेशन नाही, तिथल्या हवेतलं जे आहे ते माणसाच्या आत जातंय हे अगदी शब्दशः दाखवलंय.

हे सगळं वाचून मला डोक्यानं कळलेलं, खरं कळलं म्हणजे काय ते बाबांनी दाखवलं. बाबा उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डिंगला होते, अठ्ठावीस वर्षं, रिटायर होऊन आता घरी. मी टायटल लावून बसलेलो, आवाज बंद, ते मागून चहाचा कप घेऊन आले आणि मॅकॉनहेच्या डोक्यात तो कारखाना उगवला तसे थांबले. म्हणाले, "डॉक्टरनी लाईटवर धरून दाखवलेली माझी फिल्म अशीच हाय की." छातीचा एक्स-रे. कपाटातनं तो पिवळा लखोटा काढून आणला, ट्यूबलाईटसमोर धरला, आणि खरंच, काळ्यावर पांढरं, बरगड्यांच्या आत धुरासारखं काहीतरी. वाळूची धूळ इतकी वर्षं आत गेली ती तशीच बसलीय. मी दोन महिने त्या टायटलवर बोलत होतो आणि एक्स-रे हा शब्द मला एकदाही सुचला नव्हता.

तेव्हापासनं नवीन माणसाला मी एवढंच विचारतो, ह्या टायटलात गुन्हा कुठं आहे? माणसाच्या हातात आहे का हवेत आहे? ट्रू डिटेक्टिव्हचं उत्तर आहे की हवेत.

हा इफेक्ट कसा करतात? मोबाईलवर होतो का?

होतो. ह्याला डबल एक्स्पोजर म्हणतात. रोलच्या जमान्यात एकाच फ्रेमवर दोनदा फोटो घ्यायचे. पहिल्या फोटोत जो भाग काळा तिथं फिल्मवर उजेड पडलेलाच नसतो, म्हणजे ती जागा रिकामी, दुसरा फोटो तिथं जाऊन बसतो. जो भाग पांढरा तो आधीच जळालेला, तिथं काही उमटत नाही. म्हणून पांढऱ्या बॅकग्राऊंडवर काळी आकृती घेतली की दुसरं चित्र बरोब्बर आकृतीच्या आतच दिसतं. कॉम्प्युटरवर हेच काम ब्लेंड मोडमध्ये, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात कसं मिसळायचं त्या सेटिंगमध्ये, 'स्क्रीन' सिलेक्ट केलं की होतं.

आणि हसू नका, आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये हे पंधरा-वीस वर्षं चालू आहे. नवरीच्या पदरात देऊळ, नवऱ्याच्या फेट्यात सनसेट, कमळात दोघं. मी स्वतः असली शेकड्यानं पानं केलीत. फरक एवढाच की आम्ही आत जे टाकतो त्याचा त्या माणसाशी काही संबंध नसतो, स्वित्झर्लंडचा डोंगर टाकतो आणि नवरा इथल्या मच्छे गावचा.

ट्रू डिटेक्टिव्हच्या गाण्याबद्दल काही सांगा ना, ते डोक्यातनं जात नाही.

द हँडसम फॅमिली म्हणून एक नवरा-बायकोची जोडी आहे, त्यांचं २००३ च्या अल्बममधलं गाणं. म्हणजे सिरीयलच्या अकरा वर्षं आधीचं, सिरीयलसाठी केलेलंच नाही. आणि मजा बघा, गाण्याचे शब्द वाळवंटातले आहेत आणि सिरीयल घडते दलदलीत. डोळ्यासमोर पाणी आणि कानात कोरडी धूळ. आमच्यात एक जण आहे, वडगावचा, तबला वाजवतो, तो म्हणतो लय एवढी संथ आहे की घाई करणारा माणूस ह्या गाण्यात बसूच शकत नाही, आणि सिरीयल पण तशीच, सतरा वर्षं एक केस ओढत नेणारी. मला पटतं.

टायटलमध्ये खुनी लपवलेला असतो का?

नाही हो. लोक फ्रेम थांबवून थांबवून खुनी शोधतात आणि टायटल बघायचं राहून जातं. खुनी कोण ते शेवटच्या एपिसोडला सांगतातच.

मग टायटलमध्ये शोधायचं काय?

परत येणारी वस्तू. द वायर घ्या, २००२ ते २००८, बाल्टिमोर शहरातली ड्रग्जची सिरीयल. त्याच्या टायटलात हिरोची एन्ट्री वगैरे काही नाही, हात आहेत, फोनचे डबे आहेत, वायरी आहेत, पैसे आहेत. पाच सीझनमध्ये बरंच काही बदलतं, खरं एक शॉट पाचही वेळा आहे: पोरगं दगड मारतं आणि पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्याची काच तडकते. आपण तो शॉट त्या कॅमेऱ्याच्या आतनंच बघत असतो. म्हणजे दगड कुणाला लागला? तुम्हालाच. कोण कुणावर नजर ठेवतंय, ही सगळी सिरीयल त्या एका काचेत आहे.

गाणं पण बघा, टॉम वेट्सचं एकच गाणं पाच सीझनला पाच वेगवेगळ्या आवाजात. पहिल्याला ब्लाइंड बॉईज ऑफ अलाबामा, दुसऱ्याला वेट्स स्वतः, चौथा सीझन शाळेतल्या पोरांचा तर तिथं बाल्टिमोरच्याच पोरांनी गायलेलं. वारीत अभंग तोच असतो, दिंडी बदलली की चाल बदलते, तसलंच.

चालू सिरीयलचं टायटल मध्येच का बदलतात?

कधी कधी जगच बदलतं म्हणून. द सोप्रानोज ही माफियाची सिरीयल, त्यात तिचा हिरो टोनी बोगद्यातनं बाहेर पडून गाडीनं न्यू जर्सीला घरी निघतो एवढंच टायटल आहे, सिगार ओढत. पहिले तीन सीझन त्याच्या गाडीच्या आरशात न्यूयॉर्कचे ते दोन टॉवर दिसायचे. २००१ नंतर चौथ्या सीझनपासनं तो शॉट काढला. बाकी सगळं तेच. ओळीनं सीझन बघणाऱ्याला तिथं एकदम ठेच लागते.

रक्त न दाखवता भीती घालता येते का?

डेक्स्टर बघा, २००६, हिरोच खुनी असलेली सिरीयल. माणूस सकाळी उठतो, दंडावरचा डास मारतो, दाढी करतो, अंडं फोडतो, कॉफी दळतो, लाल संत्रं पिळतो, दातातला दोरा बोटांना गुंडाळतो, बुटाची नाडी ओढतो. बस. ह्यात गुन्हा कुठंच नाही, खरं कॅमेरा एवढा जवळ नेलाय की नाडी ओढताना गळा आवळल्यासारखं वाटतं. दाढीत एक-दोन थेंब येतात तेवढेच काय ते रक्ताचे. डिजिटल किचन नावाच्या कंपनीनं केलेलं, २००७ चं एमी ह्याला. हे टायटल बघितल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश करताना स्वतःकडं बघून थोडं विचित्र वाटतं, आमच्यापैकी तिघांना वाटलं.

सगळं इंग्लिशच का? आपल्याकडं काही नाही?

आहे की. सीआयडी १९९८ ला सुरू झाली, शिवाजी साटम, आपला मराठी माणूस, आणि त्या टायटलची धून ही आमच्या पिढीची शाळेची घंटा. स्वयंपाकघरात असलो तरी पहिल्या सुरावर पळत यायचो. चित्रात काय होतं ते डोळे मिटून सांगा म्हटलं तर आमच्यातल्या कुणालाच धड सांगता आलं नाही, धून मात्र सगळ्यांनी म्हणून दाखवली. हे पण टायटलचं एक कामच आहे, घरातल्या माणसांना गोळा करणं. गल्लीत भोंगा वाजला की पाण्याला जातात तसं.

सेक्रेड गेम्स, २०१८, त्याचं वेगळं. एपिसोडची नावं पुराणातली, अश्वत्थामा, हलाहल, सरमा, ययाती, आणि प्रत्येकाला वेगळं चिन्ह, मंडलासारखं गोल. संगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं. ह्याच्यावर आमच्यात भांडण झालेलं. माझं मत, चिन्हं सुंदर आहेत, खरं मुंबईचा घाम त्यात नाही, फार धुतलेली आहेत. दोघं-तिघं म्हणाले की पोलीस आणि गँगस्टरच्या गोष्टीवर पुराण बसवायचं तर थोडं लांबूनच बघायला पाहिजे. त्यांचंही बरोबर असेल.

आणि डेली सोपचं टायटल, ज्यात सगळी सासर-माहेरची मंडळी एकेक करून कॅमेऱ्याकडं वळून हसतात, त्याच्याबद्दल कृपया विचारू नका.

अक्षरांकडं पण बघायचं का? फॉन्टमध्ये काय असतं?

आपल्या भागातल्या माणसानं तर बघायलाच पाहिजे, कारण आपण जन्मापासनं देवनागरी आणि कन्नड ह्या दोन लिप्या शेजारी शेजारी बघतो.

इंग्लिश अक्षरं सुटी असतात, एकेक करून आणता येतात, ठिणगीसारखी उडवता येतात. कन्नडमध्येही बहुतेक अक्षराला डोक्यावर स्वतःचं वेगळं तलकट्टू असतं, ती छोटी टिकमार्क, त्यामुळे अक्षर एकटं उभं राहू शकतं, फक्त खाली ओत्ताक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, लटकतं तेवढी जागा सोडायची. देवनागरीचं तसं नाही. शिरोरेघ सगळ्यांना बांधून ठेवते. एक अक्षर हलवलं की रेघ तुटते आणि दोरीवरचे कपडे पडल्यासारखं दिसतं. म्हणून इंग्लिश टायटल बघून तोच इफेक्ट देवनागरीला लावला की नव्वद टक्के वेळा वाट लागते. रेघेचाच उपयोग करायला पाहिजे, आधी रेघ ओढून घ्यायची आणि मग अक्षरं खाली उतरवायची, किंवा रेघ मुद्दाम तोडायची, क्राईम आहे म्हटल्यावर तुटलेली रेघ चालते की.

माझी फजिती सांगतो. मित्रांच्या शॉर्टफिल्मला पन्नास सेकंदाचं टायटल केलं, रात्रपाळीवरच्या गोष्टीचं, नावात 'शिफ्ट' शब्द. रात्री दोन वाजता एक्स्पोर्ट करून पाठवून दिलं. सकाळी हॉलमध्ये पडद्यावर आठ फुटी अक्षरात ऱ्हस्व इकार श च्या मागं जाऊन उभा आणि फ चा पाय मोडलेला, पुढं ट एकटा. सॉफ्टवेअरच्या ग्राफिक्स प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियन करायचं राहिलेलं. पहिल्या रांगेत बसलेल्या मराठीच्या मॅडमनी पूर्ण टायटलभर डोळे मिटून घेतले. तर तेवढं सेटिंग आधी बघा, डबल एक्स्पोजर नंतर करा.

अजून एक, ह्याचा फोटोच काढून ठेवलाय. बाजारातल्या एका दुकानाचं शटर. २०२४ मध्ये पाट्यांवर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आला, तेव्हा त्यांनी जुनं नाव पुसून नवीन रंगवलं. पेंटरनं एकच हात मारलाय बहुतेक. उन्हात काही दिसत नाही. पावसात शटर ओलं झालं की कन्नड अक्षरांच्या खालनं जुनी देवनागरी वर येते, शिरोरेघ आधी, मग अक्षरं. मी त्याच्यासमोर छत्री धरून उभा होतो आणि मनात म्हटलं, पॅट्रिक क्लेअरला कशाला बघतोय मी, इथं फुकटात चालू आहे.

स्वतः अ‍ॅनालिसिस करायचं तर कुठनं सुरू करू?

पहिल्यांदा सरळ बघा, काही लिहू नका. मग आवाज बंद करून बघा आणि मग उलटं, स्क्रीन पालथी घालून फक्त ऐका, हे दोन्ही केल्यावर कळतं की तुम्हाला जे आवडलं ते चित्रात होतं का गाण्यात, बऱ्याच वेळा लोकांना टायटल भारी वाटतं आणि ते नुसतं गाणं भारी असतं. यूट्यूबवर असेल तर पॉज करून कीबोर्डवरची पूर्णविरामाची कळ दाबा, एकेक फ्रेम पुढं जाते, स्वल्पविरामाची दाबली की मागं. मग वहीत दोन रकाने, एकात काय दिसतंय, दुसऱ्यात काय वाटतंय, आणि दुसऱ्या रकान्यात गूढ, रहस्यमय, थरारक हे शब्द लिहायचे नाहीत, आमच्याकडं लिहिलं की वडापावचे पैसे त्याच्यावर. 'धूर वर जातोय आणि चेहरा खाली बघतोय' असं लिहिलेलं चालतं. पहिली फ्रेम आणि शेवटची फ्रेम शेजारी ठेवून बघा. नावं कुणाची कुठल्या चित्रावर येतात ते बघा. झालं, एवढ्यात रविवार जातो.

स्किप इंट्रो दाबलं तर पाप लागतं का?

नेटफ्लिक्सनं ते बटण २०१७ ला आणलं आणि आमच्या ग्रुपच्या दृष्टीनं तो काळा दिवस. तरी सांगतो, एका दिवसात सहा एपिसोड बघणार असाल तर दाबा. पहिल्या आणि शेवटच्या एपिसोडला दाबू नका. गोष्ट कळल्यावर तेच टायटल वेगळं दिसतं.

बेळगाववर क्राईम सिरीयल आली तर टायटलमध्ये काय घ्याल?

प्रत्येक जण किल्ला, राजहंसगड आणि कुंदा सांगतो. ते टुरिझमचं झालं. मी घेईन 'दुसरं रेल्वे गेट' म्हणतात ते, फाटक बंद, दोन्ही बाजूला हेल्मेटं, आणि हेल्मेटच्या काचेत जाणारी मालगाडी. निपाणीच्या वखारीत तंबाखूची धूळ, तोंडाला पदर बांधलेल्या बायका, फक्त डोळे. चोर्ला घाटातलं धुकं, त्यात एका ट्रकचा मागचा लाल दिवा, ट्रक नाही. हिंडलग्याच्या जेलची भिंत घ्यायचा मोह होईल, नको, भिंत दाखवली की प्रेक्षकाला वाटतं गुन्हेगार आत आहेत. ते ओलं शटर. आणि शेवटी ट्यूबलाईटसमोर धरलेली एक्स-रेची फिल्म, धरणाऱ्याची बोटं दिसतील अशी. नाव दोन्ही लिपीत, आधी कुठलं यावं ह्यावर आमच्यात दोन रविवार गेलेत, अजून ठरलेलं नाही.

बाबांनी पुढं ट्रू डिटेक्टिव्ह बघितली का?

नाही. दुसऱ्या एपिसोडला झोपले, म्हणाले लई बोलतात. टायटल लागलं की मात्र हाक मारायला सांगतात.